चोप उंचावला, तरी टाळ वाजतो आहे



ज्ञानोबारायांच्या सोहळ्याबरोबर तुम्ही कधी चालला असाल, तर मुक्कामाच्या तळावरची समाजआरती तुमच्या डोळ्यांपुढे असेल. पालखी तळावर येते. दिंड्या भोवताली उभ्या राहतात. शेकडो टाळ एका ठेक्यात वाजत असतात. मग चोपदार चोप उंचावतात आणि एका क्षणात सारे शांत होते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते. पण एखाद्या दिवशी असे होते की चोप उंचावला, सगळा समाज थांबला, तरी एका दिंडीतला टाळ वाजतच राहतो. नवख्याला वाटते, या दिंडीला शिस्त नाही. जाणत्या वारकऱ्याला कळते की या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात. निवाडा होतो, निदान शब्द तरी दिला जातो. मग तो टाळ थांबतो आणि त्यानंतरच आरती होते.

ही रीत आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यात किती न्याय भरला आहे हे लक्षातच येत नाही. गाऱ्हाणे असणाऱ्याने कोणाची परवानगी मागायची नाही. ऐकणाऱ्याने जागेवरून उठून त्याच्यापाशी जायचे. आणि एवढा मोठा समाज एका लहानशा दिंडीसाठी खोळंबतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आज तुमच्यापुढे ठेवायचा प्रश्न वरवर पाहता पंढरीच्या वाटेवरचा नाही. जगातले देश हवामानाच्या बदलावर वाटाघाटी करण्यासाठी दरवर्षी एकत्र बसतात. पुढची पन्नास-साठ वर्षे जग कसे चालेल, याचे करार तिथे होतात. ती पन्नास-साठ वर्षे ज्यांना जगायची आहेत, त्या मुलांना आणि तरुणांना तिथे जागा असावी का? असली तर कोणती? त्यांना बोलू दिले म्हणजे त्यांचे ऐकले, असे म्हणता येईल का? हा प्रश्न आपलाही कसा आहे, हे पाहण्यासाठी आधी तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर थोडे थांबू.

पाणी ठरवणारे आणि पाणी पिणारे

तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीला आणि इंदापूरला अश्व धावतात. सराटीला पादुकांना नीरास्नान घडते आणि पालखी पुणे जिल्हा सोडून अकलूजकडे निघते. ही सारी वाट पर्जन्यछायेची. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी तुम्ही चालता तेव्हा दुतर्फा ऊस उभा दिसतो. ते पाणी तिथल्या आभाळाचे नाही. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला, भाटघरचे धरण बांधले गेले, आणि त्या कालव्याने बारामती-इंदापूरचे रूप पालटले. ज्यांनी दुष्काळी कामावर तो कालवा खणला, त्यांतल्या किती जणांच्या शेतात ते पाणी गेले असेल? पण त्यांच्या पतवंडांच्या शेतात आज ते खेळते आहे.

शंभर वर्षांनी भीमेवर उजनी झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातली गावे बुडाली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. धरण कुठे बांधायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या गावांतली शाळकरी मुले नव्हती. पण घरदार सोडून नव्या वसाहतीत वाढायचे त्यांनाच होते. कोणाला पाणी मिळाले, कोणाचे गाव गेले, आणि बारामतीच्या सुपे-मोरगावकडच्या जिराईत पट्ट्याला दोन्हींपैकी काहीच न मिळता टँकरची वाट पाहावी लागली. धरण-कालव्याचा निर्णय एका पिढीने घेतला आणि त्याचे सुखदुःख पुढच्या पिढ्यांच्या पदरी पडले.

आता त्या निर्णयांना पेलतील असे पाऊसकाळही राहिले नाहीत. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भर पावसाळ्यात पिके माना टाकून उभी होती. आणि 2025 साली मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून राज्यात शिरला. बारामती-इंदापुरात एवढा पाऊस कोसळला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवाच फुटला आणि ज्या पाण्याने शेती पिकायची तेच पाणी शेतात, घरांत घुसले. एका पावसावर बोट ठेवून 'हा हवामान बदलाचा' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. पण एवढे पक्के आहे की हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून पाऊस आला की कोसळतो आणि गेला की फार दिवस तोंड दाखवत नाही. माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उष्णता, दुष्काळ, क्षार यांचा पिकांवर आणि जनावरांवर पडणारा ताण कसा सोसता येईल, याचा अभ्यास तिथे चालतो. बारामतीसारख्या ठिकाणी अशी संस्था उभी राहावी लागली, यातच पुढच्या काळाची चाहूल आहे.

मग विचार करा. सणसरच्या शाळेत आज सातवीत बसणारी मुलगी 2050 साली पस्तिशी-चाळिशीत असेल आणि 2070 साली साठीला टेकलेली असेल. 2070 हे साल का घेतले? कारण त्या सालापर्यंत देशाचे निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणू, असा शब्द भारताने 2021 च्या ग्लासगो परिषदेत जगाला दिला आहे. शब्द देणारे त्या दिवशी बहुधा हयात नसतील. तो पाळायचा त्या मुलीने, आणि पाळला गेला नाही तर भोगायचे तिने. मात्र तो ठरला तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते.

टाळ्या वाजतात, पण…

1992 साली ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोला वसुंधरा परिषद भरली. हवामानाविषयीचा जगाचा मूळ करार तिथेच सह्यांसाठी पुढे आला. त्या परिषदेत कॅनडाची सेव्हर्न सुझुकी ही 12 वर्षांची मुलगी उभी राहून बोलली. आपल्या मैत्रिणींबरोबर पैसे गोळा करून ती तिथे पोचली होती. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी तिचे ऐकले, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर 2018 साली पोलंडमधल्या परिषदेत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग बोलली. 2021 साली ग्लासगोला तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैची 15 वर्षांची विनिशा उमाशंकर बोलली. इस्त्रीच्या हातगाडीला कोळशाऐवजी सूर्याची ऊर्जा वापरायची युक्ती तिने शोधली होती. दरवेळी टाळ्या झाल्या. रिओत टाळ्या मिळवणाऱ्या त्या मुलीने आता पंचेचाळिशी ओलांडली आहे, आणि 2024 हे साल औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने तापलेले, आजवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण साल ठरले आहे.

या वाटाघाटी चालतात कशा, हे थोडे समजून घ्या. दोनशेच्या जवळपास देश मूळ कराराचे सभासद आहेत. मतदान होत नाही, सर्वसंमतीने ठरते. मसुद्यातल्या ज्या शब्दांवर एकमत नसते ते चौकटी कंसात ठेवतात, आणि रात्र-रात्र जागून एकेक कंस सोडवत बसतात. 'करावे' की 'करण्याचा विचार करावा' यावर तास खर्ची पडतात. देशांचे प्रतिनिधी आत असतात. संस्था, शास्त्रज्ञ, शेतकरी, कामगार, स्त्रिया, आदिवासी समाज यांचे गट निरीक्षक म्हणून असतात. तरुणांचा असाच एक गट आहे, त्याला 'यंगो' म्हणतात. 2011 पासून त्याला अशा निरीक्षक गटांत पूर्ण मान्यता आहे. परिषदेच्या आधी तरुण स्वतःची वेगळी परिषद भरवतात. 2005 साली माँट्रियलला ती पहिल्यांदा भरली. आपल्या मुंबईची हीता लखानी 2021 साली या गटात विकसनशील देशांच्या बाजूची समन्वयक होती. 2023 च्या दुबई परिषदेत असेही ठरले की प्रत्येक परिषदेच्या यजमानाने तरुणांचा एक दूत नेमावा. काही देश आपल्या अधिकृत शिष्टमंडळातच तरुणांना घेऊ लागले आहेत.

हे सगळे चांगलेच आहे. पण निरीक्षक म्हणजे काय? अध्यक्षांनी बोलावले आणि वेळ उरला तर एक-दोन मिनिटे बोलायचे. बैठक बंद दाराआड गेली की बाहेर उभे राहायचे. कंसातल्या शब्दाला हात लावता येत नाही. म्हणजे टाळ वाजवण्याची मुभा मिळाली, पण चोपदार काही जवळ आले नाहीत. आणि टाळ वाजत असतानाच आरती उरकली जाते. आपल्या तळावर असे झाले असते तर त्या मुक्कामाची चर्चा वर्षानुवर्षे झाली असती.

चोपदाराला यायलाच लावले, असेही एक उदाहरण आहे. प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा छोटा देश आहे. समुद्र चढला तर तिथल्या किनाऱ्यावरच्या लोकांचे हाल होतात. 2019 साली तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवले की हा प्रश्न जगातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे न्यायचा. आपल्या आणि शेजारच्या सरकारांच्या ते मागे लागले. वानुआतूने तो विषय हाती घेतला, देशोदेशी पाठिंबा जमवला. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे ही देशांची मर्जी नव्हे, ते कायद्याने आलेले कर्तव्य आहे, आणि ते मोडले तर नुकसानभरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, कोणाला तुरुंगात टाकणारे नाही. पण वर्गात निघालेली गोष्ट सहा वर्षांत तिथवर पोचली.

सगळ्यांनाच दार उघडले जाते असे नाही. हरिद्वारची रिधिमा पांडे 9 वर्षांची असताना, 2017 साली, देशातल्या हरित न्यायाधिकरणाकडे गेली. तिथे तिचा अर्ज निकाली काढला गेला. पुढे 2019 साली जगातल्या आणखी 15 मुलांबरोबर ती संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे गेली. आधी त्या त्या देशांच्या न्यायालयांत जा, असे सांगून समितीने 2021 साली ती तक्रार दाखल करून घेतली नाही. एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणी सुरूच राहिली, आणि तोवर मुले मोठी होत गेली.

कान्होबांचा वाटा

आता मूळ प्रश्नाकडे या. मुलांना आणि तरुणांना तिथे जागा का असावी? ती हुशार असतात म्हणून? निरागस असतात म्हणून? त्यांचे बोलणे ऐकून आपल्याला गहिवरून येते म्हणून? यांतले एकही कारण टिकणारे नाही. हुशार मूल असेल तर ऐकायचे आणि साधे असेल तर नाही, असा तो न्याय होईल. खरे कारण वेगळे आहे, आणि ते आपल्या तुकोबारायांच्या चरित्रात आहे.

दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले, चित्त विठ्ठलाकडे वळले, तेव्हा तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवायचे ठरवले, ही कथा आपण कीर्तनातून शेकडो वेळा ऐकली आहे. त्यात धाकटे बंधू कान्होबा यांची जी बाजू आहे, तिच्यावरून मात्र आपण घाईने पुढे जातो. कान्होबांना संसार चालवायचा होता. तुकोबा थोरले होते, विरक्तीच्या भरात होते, आणि त्यांच्या मनातले काम पुण्याचेच होते. तरी त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. निम्मी धाकट्याच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली.

हा विवेक पाहा. धाकट्याच्या वाट्यावर थोरल्याने पुण्यासाठीसुद्धा हात टाकू नये! मग सुखासाठी, चैनीसाठी, दोन टनांच्या जास्तीच्या उताऱ्यासाठी टाकावा का? हवा, पाणी, माती यांत पुढच्या पिढीचा वाटा आहे. तो आपण तिला देतो असे नाही. तो तिचाच आहे, फक्त आज आपल्या हातात आहे. ज्याचा वाटा आहे त्याला विचारल्याशिवाय वाटणीचा कागद होत नाही, हे गावातल्या तलाठ्यालाही कळते. म्हणून तरुणांची जागा ही मोठ्यांची कृपा नव्हे. ती वाटेकऱ्याची जागा आहे.

आणि जे अजून जन्मलेच नाहीत त्यांचे काय? त्यांना कुठे बसवणार, असे म्हणून हसणारे लोक आहेत. वारकऱ्याने तरी हसू नये. तुकोबांनी देह ठेवला तेव्हा जिजाईंच्या पोटात असलेले नारायणबाबा, त्यांनीच पुढे 1685 साली पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला. बारामती-इंदापूरच्या वाटेने आपण ज्या पालखीमागे चालतो, ती सुरू करणारा पुरुष तुकोबांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. न जन्मलेल्याला 'अजून कोणी नाही' असे म्हणणे आपल्या परंपरेला तरी शोभत नाही. ते बोलू शकत नाहीत. त्यांच्या सर्वांत जवळचे जे आहेत, ते आजचे तरुण. म्हणून त्यांच्या टाळात त्या पुढच्यांचाही आवाज आहे असे समजावे.

चार शंका

तुमच्या मनात शंका आल्या असतील. त्या येणे रास्त आहे.

पहिली शंका अशी की पोरांना काय कळते? मुक्ताबाई वयाने सर्वांत धाकटी, पण चांगदेवांसारख्या योग्याची ती गुरू झाली, असा दाखला इथे देता येईल. पण त्याचा आधार घ्यायला नको, कारण प्रत्येक तरुण मुक्ताबाई नसतो. तापमान किती वाढेल हे शास्त्रज्ञ सांगतात आणि तरुण त्यांची जागा मागत नाहीत. वाटेकऱ्याला हिशेब येत नसेल तर त्याला हिशेब शिकवावा. हिशेब येत नाही म्हणून त्याचा वाटा बुडत नाही.

दुसरी शंका जास्त वजनाची आहे. तिथे पोचतात ती मुले कोण? परदेशाचा खर्च झेपणारी, व्हिसा मिळणारी, मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रवेशपत्र मिळणारी, इंग्रजी सफाईने बोलणारी. कारखान्याच्या तळावर कोपीत जन्मलेला ऊसतोडणी कामगाराचा मुलगा तिथे जात नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यात राबणारी मुलगी जात नाही. मग ते प्रतिनिधी कोणाचे? ही शंका खरी आहे. पण तिचे उत्तर जागा काढून घेणे हे नव्हे. दिंडीतली वीणा आठवा. वीणा विणेकऱ्याच्या मालकीची नसते, दिंडीची असते. ती जमिनीवर टेकत नाही, एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. विणेकरी दिंडी सोडून पुढे निघाला तर तो विणेकरी राहत नाही, हातात तंबोरी घेतलेला वाटसरू होतो. जगाच्या परिषदेत जाणाऱ्या तरुणाने निघण्यापूर्वी आपली दिंडी कोणती, तिचे गाऱ्हाणे काय, हे तिच्यात बसून ऐकले पाहिजे आणि परत आल्यावर तिला हिशेब दिला पाहिजे. वीणा पुढच्या वेळी दुसऱ्याच्या गळ्यात गेली पाहिजे. ही अपेक्षा तरुणांकडूनही ठेवायलाच हवी, कारण गाऱ्हाण्याचा टाळ दिंडीबरोबर चालणाऱ्याच्याच हातात शोभतो.

तिसरी शंका आपल्या सोयीची आहे. बिघडवले ते श्रीमंत देशांनी, आमचा दोष तो काय? हे बरेचसे खरे आहे. माणशी हिशेब केला तर भारताचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आपला देश परिषदेत हेच ठामपणे मांडतो की आम्ही पंगतीला बसण्याआधीच तुम्ही अर्धे ताट संपवलेत, आता उरलेल्याची वाटणी समान कशी? हा युक्तिवाद न्यायाचा आहे. पण माउली, जो न्याय आपण दुसऱ्याकडे मागतो तोच आपल्या दाराशी येऊन उभा राहिला तर त्याला ओळखायला नको का? उद्या आपला नातू विचारेल की आजोबा, मी यायच्या आधीच तुम्ही बोअरचे पाणी खाली नेलेत, माती क्षारांनी पांढरी केलीत, वाटेवरचे वड गेले तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, आता उरलेल्याची काळजी मीच एकट्याने का घ्यायची? वानुआतूने श्रीमंत देशांना विचारलेला प्रश्न आणि नातवाने आजोबाला विचारलेला प्रश्न एकच आहे. पहिला न्याय्य वाटतो आणि दुसरा उद्धट वाटतो, तर खोट प्रश्नात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

चौथी शंका श्रद्धेच्या भाषेत येते. पांडुरंग काळजी वाहणारा आहे, आपण कशाला चिंता करायची? तुमच्या दिंडीकडेच पाहा. दिंडी निघते ती विठ्ठलाच्या भरवशावर, पण पाण्याचा टँकर, तंबू, शिधा, औषधाची पेटी, सगळे ट्रकमध्ये नीट भरून निघते. त्यात कोणाची श्रद्धा उणी पडत नाही. उद्याच्या मुक्कामाला पाणी मिळेल का, याची चौकशी आजच करणारा दिंडीचालक आपल्याला नास्तिक वाटत नाही, जबाबदार वाटतो. तीच जबाबदारी उद्याच्या पिढीच्या मुक्कामासाठी घ्यायची आहे, एवढेच.

आपल्या तळावर

जगाच्या परिषदेत तरुणांना कोणती खुर्ची मिळावी, हे तुमच्या-आमच्या हातात फारसे नाही. पण तिथे जे घडत नाही ते इथे आपल्याकडून घडते का, हे पाहणे हातात आहे. ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्यांना मत नाही आणि अठरा ओलांडलेले तरुण मागे भिंतीला टेकून उभे असतात. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत, कारखान्याच्या वार्षिक सभेत बोलणाऱ्यांच्या केसांचा रंग पाहा. घरात तर विचारायलाच नको. नवे बोअर घ्यायचे की ठिबक करायचे, आडसाली ऊस लावायचा की पाणी बेताने लागणारे पीक घ्यायचे, हे ठरते तेव्हा मुलाला ट्रॅक्टर आणायला पाठवलेले असते आणि मुलीला चहा टाकायला. आणि पुढे तोच मुलगा शेती नको म्हणून शहराकडे निघाला की आपण म्हणतो, या पिढीला जमिनीची माया नाही. ज्याला कधी विचारले नाही त्याला माया कुठून येणार?

वारीत तरुण आहेतच. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली निर्मल वारीसाठी राबतात. पर्यावरणाच्या दिंड्यांतून पथनाट्ये करतात, पत्रावळी उचलतात, रोपे लावतात. आपण त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप देतो. पण काम त्यांनी करायचे आणि ठरवायचे आपण, हीच ती निरीक्षकाची जागा झाली.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. पालखी बारामतीत मुक्कामाला येईल किंवा इंदापुरात थांबेल, तेव्हा तुमच्या दिंडीत रात्रीच्या कीर्तनाआधी अर्धा तास काढा. दिंडीतली पंचवीस वर्षांखालची जी मुले-मुली असतील त्यांना मधे बसवा, गावातली बोलवा. पाणी, झाडे, कचरा, शेती यांविषयी त्यांना जे म्हणायचे असेल ते बोलू द्या. मधे कोणी समजूत घालू नका. बोलून झाल्यावर टाळ्याही वाजवू नका, कारण टाळ्या वाजल्या की काम झाले असे सगळ्यांनाच वाटू लागते. त्यांचे गाऱ्हाणे वहीत लिहून घ्या आणि दिंडीतल्या एका जाणत्या माणसाचे नाव त्याखाली लिहा. पुढच्या आषाढीला, त्याच गावात, त्याच मुलांपुढे उभे राहून यातले काय केले, काय जमले नाही आणि का जमले नाही, हे त्या माणसाने सांगायचे.

त्यांतल्या काही मागण्या अवघड असतील, काही चुकीच्याही असतील. समाजआरतीतही प्रत्येक दिंडीचे गाऱ्हाणे खरे ठरते असे नाही. पण खरे की खोटे हे चोपदार जवळ गेल्यावर ठरते, लांब उभे राहून नाही. तुमच्या दिंडीच्या वहीचे पहिले पान यंदा कोरे राहणार नाही, एवढे बघा. राम कृष्ण हरि.